वासरू सुटनं

आम्ही मूळचे सटाण्याकडचे, बागलाणातले. गावाचं नाव नका घालू, तिथं माझे चुलते अजून राहतात आणि त्यांना वाटंल की हा पोरगा घरातलं सगळं जगाला सांगत सुटला. नाव माझं ज्ञानेश्वर, घरी ज्ञाना, आणि कॉलेजात छटाक. छटाक का ते तुम्हाला दिसतंच हाय समोर. पाच फूट दोन इंच. आमच्या घरात सगळेच असे, आजा तसा, बाप तसा, आणि मी खेळायला निवडलं काय तर बास्केटबॉल. हसा, हसा, मी पण हसतो. बाप तर म्हणायचा, अरे कबड्डी घे, कुस्ती घे, जिथं झाडावर चढावं लागत नाय असं काहीतरी घे.

मी पाचवीत असताना बापाला नाशिक रोडला एका कारखान्याच्या गेटवर वॉचमनची नोकरी लागली आणि आम्ही गाव सोडून इकडं आलो. स्टेशनच्या मागच्या अंगाला दोन खोल्या, वर पत्रा, आणि पंधरा-वीस घरांत मिळून एक नळ. तर या नळाचं तुम्हाला सांगायलाच पाहिजे, कारण पुढचं सगळं त्या नळापासून सुरू झालं. गावाला आमच्याकडं गाय होती आणि तिचं वासरू लय वांड, दावं तोडून पळायचं, मग आई ओट्यावरून हाक मारायची, वासरू सुटनं! म्हणजे वासरू सुटलं. आई अहिराणी बोलते, तिला दुसरं काय येतच नाय. ती हाक आली की आम्ही भावंडं हातातलं टाकून पळायचो. आता नाशिक रोडला कुठली गाय आणि कुठलं वासरू? पण नळाला पाणी आलं की आई तीच हाक मारायची, वासरू सुटनं! का, तर म्हणे, पाणी आलं म्हणून सांगितलं तर तुम्ही जागचे हलत नाय, या हाकेला तुमचे पाय आपोआप पळतात. आणि खरं होतं ते. आम्ही हंडे-बादल्या घेऊन सुसाट, आणि सगळी चाळ आम्हाला हसायची.

शाळेत मी खेळात आलो तो असाच. एक पोरगा कमी पडत होता, पीटीच्या सरांनी मला ओढून उभं केलं. माझ्या लक्षात आलं की उंच पोरांना खाली वाकायचा कंटाळा असतो. माझा बॉल टप्पे खायचा तो त्यांच्या गुडघ्याच्या खाली, हात घालायचा तर त्यांना कमरेत मोडावं लागायचं, तोवर मी पलीकडं. उंचीसाठी काय नाय केलं सांगा. दाराच्या चौकटीला लटकलो, आई पाय धरून खाली ओढायची, शेजारच्या काकूंनी सांगितलं म्हणून रोज कच्ची गाजरं खाल्ली. वाढलं काय नाय. पण डोकं चालायचं. पाच पोरांत कोण कुठं उभा हाय, कोण दमला, कोणाचा पाय आता उचलणार, हे मला न बघता कळायचं. कॉलेजात आलो तर आमचे सर म्हणले, हा माझा गार्ड. गार्ड म्हणजे बॉल पुढं घेऊन जाणारा आणि खेळ लावून देणारा. बाकीचे चौघं त्याच्या तोंडाकडं बघून पळणार.

आणि तिथंच मला सुजय भेटला.

सुजय इगतपुरीचा, बाप रेल्वेत. सहा फूट तीन इंच, खांदे असे, आणि स्वभावानं लाजरा. रोज गाडीनं यायचा-जायचा. इगतपुरीचा पाऊस तुम्हाला ठाऊक हाय, एकदा लागला की कपडे वाळायचं नाव नाय, गाड्या लेट, पोरगा ओल्या अंगानं ग्राउंडवर. एक दिवस तापानं फणफणला तर मी त्याला घरी घेऊन आलो. आईनं कपाळाला हात लावला आणि त्याला म्हणली, बठ. बस म्हणून. तो जो बसला तो दोन वर्षं बसला, असं समजा. दोन खोल्यांत आम्ही पाच माणसं, त्यात हा सहावा, पाय लांब केले की दारातून बाहेर. आई त्याच्यासाठी कळण्याची भाकर करायची, ज्वारी-उडदाची, वर ठेचा आणि तेल. त्याला ते इतकं आवडायचं की माझ्या ताटातली पण खायचा. आई त्याला मन्हा आंडोर म्हणायची, माझा मुलगा. आणि तो तिला माय म्हणायचा. तिच्याशी बोलायचं म्हणून तो अहिराणी शिकला. आधी चुकायचा, आई पदर तोंडाला लावून हसायची, मग बोलायला लागला चांगला. माझ्या बहिणी शाळेत लाजायच्या ती बोली बोलायला, आणि हा इगतपुरीचा पोरगा हौसेनं बोलायचा. आईला काय वाटत असंल तुम्हीच बघा.

आता खेळातलं सांगतो. गार्ड हातानं खुणा करतो, एक बोट, दोन बोटं, मूठ, की कोणती चाल खेळायची. पण मी इतका बुटका की समोर दोन माणसं उभी राहिली की माझा हात माझ्याच पोरांना दिसायचा नाय. सर म्हणले, तोंडानं बोल. तोंडानं बोललो तर समोरच्यांना पण कळायचं. एक दिवस प्रॅक्टिसला बॉल आमच्या हाती आला, पलीकडं मैदान मोकळं, आणि माझ्या तोंडातून आपोआप निघालं, वासरू सुटनं! बाकीचे बघत राहिले, पण सुजय? सुजय नळावर हंडे घेऊन पळालेला माणूस. तो असा पळाला रिंगकडं की मी फेकलेला बॉल त्याच्या हातात आणि हातातून जाळीत. सर लांबून ओरडले, हे काय होतं? मी म्हणलो, सर, आमच्या नळाला पाणी आलं.

तिथून आम्ही सगळ्या चाली आईच्या हाकांवर बसवल्या. वासरू सुटनं म्हणजे सगळे पुढं पळा. जेवाले ये म्हणजे सुजयनं आपला माणूस सोडून रिंगखाली यायचं, मी वरून बॉल देणार. दार लाई ले म्हणजे दार लावून घे, म्हणजे मला अडवणाऱ्या माणसाच्या वाटेत आमच्यातल्या एकानं आडवं उभं राहायचं. समोरची पोरं हसायची, म्हणायची गावठी टीम हाय, वासरं राखतात. हसू द्या. ती हसत असेपर्यंत आमची बास्केट झालेली असायची. जिल्ह्यात आम्हाला कोणी हरवलं नाय दोन वर्षं.

दुसऱ्या वर्षी खंडेनवमीला सगळी टीम आमच्या घरी आली. आमच्याकडं त्या दिवशी विळा, कोयता, बापाची काठी, सगळं धुऊन-पुसून पुजायचं आणि दिवसभर त्याला हात लावायचा नाय. आईनं बॉलपण पाटावर ठेवला, त्याला हळद-कुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं. सर पण आले होते. ते म्हणले, पोरांनो, या हाका आपल्या हत्यारासारख्या हायेत, त्या बाहेर जाता कामा नयेत. सगळ्यांनी मान डोलावली. सुजय मात्र पुढं गेला, बॉलवर हात ठेवला आणि आईकडं बघून म्हणला, माय, तुझी हाक या घराबाहेर जाणार नाय. त्याला कोणी शपथ घाल म्हणलं नव्हतं. स्वतःहून बोलला तो. आईनं त्याच्या तोंडावरून हात फिरवला.

ते वर्ष संपलं आणि पुण्याच्या एका कॉलेजनं त्याला बोलावलं. हॉस्टेल, खुराक, लाकडी कोर्ट. मला वाईट वाटलं पण राग नाय आला, खोटं कशाला बोलू? मीच त्याची बॅग भरली. आईनं डबा दिला आणि स्टेशनपर्यंत आली, गाडी दिसेनाशी होईस्तोवर उभी. सर मात्र मला दुसऱ्याच दिवशी म्हणले, ज्ञाना, हाका बदल. तो तिकडं गेलाय, उद्या समोर येईल. मी म्हणलो, नाय सर, तो घरचा हाय. सर म्हणले, अरे खेळ हाय हा. मी म्हणलो, सर, त्यानं आईच्या हातचं खाल्लंय, बॉलवर हात ठेवलाय. आमच्यात असंच असतं बघा. जो घरात जेवला त्याच्यावर संशय घ्यायचा म्हणजे आपणच हलके होतो. सरांनी पुन्हा विषय नाय काढला.

तिसऱ्या वर्षी आमच्याच कॉलेजच्या ग्राउंडवर विद्यापीठाच्या विभागांचे सामने लागले आणि फायनलला आम्ही आणि सुजयचं पुण्याचं कॉलेज. त्या सामन्यातून विद्यापीठाची टीम निवडणार होते, निवड करणारे तिघं टेबलामागं बसलेले. माझं सगळं त्याच्यावर होतं. विद्यापीठाकडून खेळलो तर खेळाडूंच्या जागांमधून नोकरीची वाट होती, बाप तेव्हा आजारी पडून घरी बसला होता. आणि दुसरं, जास्तीचं म्हणा, मला एकदा दाखवायचं होतं की बुटका माणूस टीम चालवू शकतो. सर म्हणले, उंची ते बघणारच नाय, तू खेळ कसा लावतो तेवढं बघतील, तुझी जागा पक्की समज.

आई पहिल्यांदाच माझी मॅच बघायला आली. नऊवारी नेसून, डब्यात कळण्याची भाकर घेऊन. दोन डबे होते. एक माझा, एक सुजयचा. पायरीवर पुढंच बसली, माझ्या धाकट्या बहिणीला घेऊन. सुजय दिसला, अजून रुंद झालेला, नव्या जर्सीत. लांबूनच मला हात केला. मी पण केला.

मॅच सुरू झाली. पहिलाच बॉल आमच्या हाती आला, पुढं मैदान मोकळं, मी ओरडलो, वासरू सुटनं! आणि माझा आवाज संपायच्या आत पलीकडून सुजयचा आवाज आला, वासरू बांधी टाका! वासरू बांधून टाका. आणि पुण्याची ती चार पोरं, ज्यांनी जन्मात कधी वासरू बघितलं नसंल, ती अशी मागं पळाली की माझा बॉल हातातून सुटायच्या आधी तिथं भिंत उभी. मला वाटलं योगायोग. पुढच्याला मी हाक दिली, जेवाले ये. तिकडून तो, ताट उचली ले! आणि एका पोरानं मधूनच बॉल उचलला. त्यानं नुसत्या हाका नव्हत्या सांगितल्या हो. त्यांना उत्तरं बसवली होती, शिकवली होती, आणि तीपण माझ्या आईच्याच बोलीत. ती पोरं हसत होती. सुजयपण हसत होता.

मी हाका सोडून बोटं दाखवायला लागलो, पण बोटं कोणाला दिसणार? आमच्या पोरांचे पाय हाकेला बांधलेले, हाक नाय तर पाय नाय. मग गडबडीत तोंडातून परत तेच निघायचं आणि परत तिकडून उत्तर. माझ्या हातात बॉल यायची मला भीती वाटायला लागली. मला, जो आयुष्यभर बॉल स्वतःहून मागून घेत आला. सरांनी वेळ मागून घेतली, सगळ्यांना जवळ घेतलं, आणि एक शब्द मला बोलले नाय. मी सांगितलं होतं असं तरी म्हणायचं. तेही नाय.

मी पाणी प्यायला पायरीजवळ गेलो तर आईचं तोंड फुललेलं. हरतोय-जिंकतोय तिला काय कळत होतं? ती माझा हात धरून म्हणली, ज्ञाना, देख, तठे जाईसन बी त्याले मन्ही बोली याद शे. म्हणजे बघ, तिकडं जाऊनसुद्धा त्याला माझी बोली आठवते. आणि वर बहिणीला सांगते, ज्ञाना म्हणतो वासरू सुटलं, तर तो म्हणतो बांधा, किती काळजी त्याला. मी तिच्या तोंडाकडं बघितलं आणि पाण्याची बाटली तिथंच ठेवून परत आत गेलो.

हरलो. किती फरकानं ते नका विचारू. निवडणाऱ्यांनी सुजयला घेतलं. माझ्याबद्दल सरांना म्हणले की पोरगा चपळ हाय पण पुढचं पाऊल काय टाकणार ते सगळ्यांना आधीच कळतं, डोकं नाय त्याला. बुटका म्हणून काढलं असतं ना, तर मी गिळलं असतं. लहानपणापासून गिळतच आलोय. पण डोकं नाय म्हणले. माझी उंची म्हणजे माझं डोकंच होतं हो.

मॅचनंतर सुजय सरळ आईकडं गेला, वाकून पाया पडला, म्हणला, कशी शेस माय, कशी आहेस? आणि तिच्याशेजारी बसून डबा खाल्ला. सगळा. मी लांब बुटांची लेस सोडत बसलो होतो. जाताना माझ्याजवळ आला, खांद्यावर हात ठेवला, म्हणला, खेळ होता रे, मनाला लावून घेऊ नको. मी खांदा काढून घेतला. बोललो काय नाय, कारण आई बघत होती.

पुढं तो खेळाडूंच्या जागेतूनच चांगल्या सरकारी नोकरीला लागला, आता साहेब हाय. मी इथंच नाशिकला एका शाळेत खेळाचा मास्तर. पोरं चांगली हायेत माझी, पोरी तर जास्त चांगल्या. मी त्यांना हाका शिकवत नाय. बोटांच्या खुणा शिकवतो, आणि दर मॅचला त्या बदलतो. पालक म्हणतात सर लय शंकेखोर.

आणि एक झालं त्या दिवसापासून. मला अहिराणी बोलवेना. ठरवून सोडली असं नाय, तोंडातच येईना. एखादा शब्द जिभेवर आला की मागून त्याचा तो हसरा आवाज यायचा. मग आईशी मी हे असं बोलायला लागलो, मास्तरी मराठी. आधी ती थांबून बघायची, मग विचारायला लागली, काबर रे, मन्ही लाज वाटस का तुले? का रे, माझी लाज वाटते का तुला? काय सांगणार तिला? लग्न झालं तर तिला वाटलं बायकोनं बदलला. बायको बिचारी निफाडची, तिला उलट आईची बोली आवडते, पण बोल लागला तिला. मी तेव्हा पण गप्प.

सुजय दर दसऱ्याला येतो. न चुकता. आपट्याची पानं आणि आईसाठी लुगडं घेऊन, गाडी गल्लीच्या तोंडाशी लावून, आत येताना अजून मान वाकवून. एकदा मी त्याला गाडीपर्यंत सोडायला गेलो आणि विचारलंच, का केलं? तर म्हणला, तिथं माझ्या उंचीचे चौघं होते, ज्ञाना. मी बाकावर बसून होतो. कोचनं विचारलं, तुझ्याकडं वेगळं काय हाय? माझ्याकडं तेवढंच होतं. मी म्हणलो, ते तुझं नव्हतं. माझ्या आईचं होतं. तो गाडीच्या आरशाकडं बघत राहिला. माफी मागंल असं वाटलं, पण नाय मागितली. पुढच्या दसऱ्याला परत आला, आणि परत आईसाठी लुगडं.

या दसऱ्याची गोष्ट सांगतो आणि थांबतो. आई आता थकली, ऐकायला कमी येतं, दिवसभर खाटेवर असते. बाप गेला, बहिणी सासरी, तिच्या वयाचं इथं अहिराणी बोलणारं कोणी उरलं नाय. वर्षभर ती आमचं सगळ्यांचं बोलणं नुसतं बघत बसते. सुजय आला, खाटेच्या पायथ्याशी खाली बसला, तिच्या कानाजवळ तोंड नेऊन बोलायला लागला आणि ती जी सुटली, गावाचं, गायीचं, नळाचं, भाकरीचं, घटकाभर थांबायला तयार नाय. तो सगळ्याला उत्तर देत होता. मी दारात उभा. मग तिनं माझ्याकडं बोट केलं, आणि त्याला म्हणली, याले बी शिकाड रे. हाऊ मन्ही बोली इसरी गया. यालापण शिकव. हा माझी बोली विसरला.

सुजयनं खाली मान घातली, मग हळूच म्हणला, हां माय. त्याचे डोळे भरलेले मी बघितले. मला त्याचं काय वाटलं नाय. त्यानं आपट्याचं पान पुढं केलं आणि मी ते घेतलं, कारण आई बघत होती.

आता तुम्ही म्हणाल, अजून का सांगत नाय तिला? अहो, तिच्याशी तिच्या बोलीत बोलणारा या घरात तो एकटाच येतो. वर्षातून एक दिवस. खरं सांगून तेवढापण तिच्याकडून काढून घेऊ? त्यानं माझं घेतलं ते घेतलं, तिचं मी कशाला घेऊ? म्हणून मी देवाला एवढंच म्हणतो की बाबा, त्याला धडधाकट ठेव, त्याची बदली लांब होऊ देऊ नको, आणि आई हाय तोवर दर दसऱ्याला त्याला आमच्या गल्लीत आण. आईच्या माघारी मात्र त्यानं या दारात यायचं नाय. हे त्याला मी अजून सांगितलेलं नाय, तुम्हालाच पहिल्यांदा सांगतोय.